विहिरीवरील हातपंपाची आखणी: सिलिंडर वर ठेवावा की पाण्यात सोडावा?

विहीरकाठ
नमस्कार. घराच्या विहिरीवर हाताने चालणारा पंप मला स्वतः आखून बसवायचा आहे. विजेची मोटार आहे, परंतु वीज गेली की पोहऱ्याने पाणी शेंदावे लागते. आईने सत्तरी ओलांडली आहे आणि तिच्या उजव्या खांद्याचे दुखणे जुने आहे, त्यामुळे शेंदण्याचे काम तिला आता झेपत नाही. मी कामावर असताना वीज गेली, तर तिला दुसऱ्याची वाट पाहत बसावे लागते, आणि ही गोष्ट मला फार लागते.

मापे अशी आहेत. विहीर कठड्यापासून १४ मीटर खोल असून तिचा आतील व्यास सुमारे २ मीटर आहे. पावसाळा संपताना पाणी ५ मीटरवर असते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते १०.५ मीटरपर्यंत खाली जाते. कठड्याशेजारी ७५ मिमी व्यासाचा सिलिंडर उभा करावा, त्याला ४० मिमीचा पाइप जोडून तो विहिरीत सोडावा आणि पाइपच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह (पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) बसवावा, असे मी योजले आहे. दट्ट्याची चाल १२५ मिमी आणि दांड्याचे प्रमाण एकास सहा (दट्ट्या एक सरकताना हात सहा सरकतो) धरले आहे. ही रचना बाराही महिने पाणी देईल का? व्यास किती असावा? दट्ट्याच्या कडेने पाणी निसटू न देणारे वायसर चामड्याचे घ्यावेत की रबराचे?

मोजपट्टी
बारा महिने पाणी मिळणार नाही. पाणी ५ मीटरवर असताना हा पंप उत्तम चालेल, ७ मीटरच्या पुढे कुरकुरू लागेल आणि उन्हाळ्यात, म्हणजे गरज सर्वाधिक असताना, पूर्ण थांबेल.

सिलिंडर पाण्याच्या वर असतो तेव्हा दट्ट्या पाणी 'ओढत' नाही. तो पाइपमधील हवेचा दाब कमी करतो आणि बाहेरची हवा विहिरीतील पाण्याला खालून वर ढकलते. हवेच्या या ढकलण्याला मर्यादा आहे. पाणी ओढणारा पंप अठरा हातांच्या आसपास येऊन थांबतो, हे गॅलिलिओने १६३८ साली नोंदवले होते. त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने पाऱ्याच्या नळीने त्याचे कारण दाखवून दिले आणि आपण सारे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असे १६४४ मध्ये एका पत्रात लिहिले. समुद्रसपाटीला हवा ७६ सेंमी पारा तोलते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्यामुळे पाण्याच्या स्तंभाची उंची १०.३ मीटर भरते. ही झाली कागदावरची मर्यादा. समुद्रसपाटीपासून १००० मीटर उंचीवर ती ९.२ मीटरच्या आसपास येते, पाणी ३० अंश सेल्सिअस असेल तर वाफेच्या दाबापोटी आणखी ४३ सेंमी वजा होतात, आणि झडपा, सांधे व घर्षण यांचा वाटा वेगळाच. म्हणून जाणकार ७ मीटरवर रेघ मारतात.

रानवारा
मोजपट्टी यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. आमचा वरचा पंप ८ मीटरवरून पाणी देत असे आणि तो अनेक वर्षे चालला. प्रत्येक ठिकाणी ७ मीटरचा नियम लावल्यास लोक विनाकारण महागड्या रचनेकडे वळतात.

मोजपट्टी
रानवारा, आपला अनुभव खराच असणार. ठिकाण समुद्रसपाटीजवळ असेल, सांधे नवे असतील आणि वायसर घट्ट बसलेला असेल, तर ८ मीटरवरून पाणी येते. परंतु तेथे पंपाला चुकीसाठी जागा उरत नाही. वायसर थोडा झिजला किंवा एका सांध्यातून हवा शिरली, की पाणी सुटते आणि मग पंपात पाणी ओतून तो पुन्हा धरवावा लागतो. धागालेखकांना तर उन्हाळ्यात १०.५ मीटर हवे आहेत.

रानवारा
पाणी ओतावे लागत असे, हे मान्य. त्यासाठी पंपाशेजारी एक तांब्या कायम भरून ठेवलेला असे आणि तो कुणी रिकामा केला की ओरडा बसत असे.

जुना फिटर
वरच्या पंपाची मर्यादा जवळ आली की ती हाताला कळते. दांडा खाली दाबावा आणि सोडून द्यावा, तर तो आपोआप वर उसळतो, जणू पलीकडून कुणीतरी दट्ट्या खाली खेचत आहे. दट्ट्याखाली पोकळी झालेली असते आणि हवा त्याला परत खाली दाबत असते. हे जाणवले की वायसर बदलण्यात वेळ घालवू नये. दोष वायसरात नसतो, पाण्याची पातळीच खाली गेलेली असते.

विहीरकाठ, तुमचा सिलिंडर पाण्यातच सोडा. उन्हाळ्यातील पातळीच्याही दीड-दोन मीटर खाली, म्हणजे सुमारे १२.५ मीटरवर. तळापासून दीड मीटर अंतर राहील, त्यामुळे गाळही ओढला जाणार नाही.

ओंजळ
सिलिंडर इतका खाली सोडल्यावर दांडा अधिक जड होणार नाही का? १२.५ मीटरचे पाणी उचलावे लागेल आणि पाइपही पूर्ण भरलेला असेल. तसे असेल तर निदान पाइप तरी बारीक घ्यावा, म्हणजे आतील पाणी कमी राहील.

तरफ
ओंजळ यांनी विचारलेल्या दोन्ही गोष्टींबाबत गैरसमज सर्रास आढळतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट खोलीची. सिलिंडर पाण्यात कितीही खाली असला तरी उचलण्याची उंची विहिरीतील पाण्याच्या पातळीपासूनच मोजायची असते. पातळी १०.५ मीटरवर असेल आणि सिलिंडर १२.५ मीटरवर असेल, तर मधले २ मीटर पाणी दट्ट्याला खालून तेवढाच आधार देते. सिलिंडर खाली नेल्याने वाढते ते फक्त दांडा आणि दट्ट्या यांना जोडणाऱ्या सळ्यांचे वजन.

दुसरी गोष्ट पाइपच्या जाडीची. दट्ट्यावर येणारा भार पाइपमध्ये किती लिटर पाणी आहे यावर ठरत नाही. तो ठरतो दट्ट्याचे क्षेत्रफळ आणि उंची यांच्या गुणाकारावर. हे मनाला पटत नसेल तर कामाच्या बाजूने पाहावे. समजा, दट्ट्या एकदा वर आला की ०.४ लिटर पाणी तोटीतून बाहेर पडते. ते ११ मीटर उचलायला जेवढे कष्ट पडतात तेवढे पडणारच, मग ते रुंद पाइपातून येवो की बारीक पाइपातून. बारीक पाइपने श्रम वाचत नाहीत. पाणी अधिक वेगाने धावते आणि प्रत्येक फेऱ्याला धक्का बसतो, एवढाच फरक पडतो.

आता विहीरकाठ यांचे आकडे. तोटी कठड्याच्या एक मीटर वर धरली तर उन्हाळ्यातील उंची ११.५ मीटर होते. ७५ मिमीच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंमी, म्हणून त्यावर जवळजवळ ५१ किलोचा भार येईल. ६३.५ मिमीला हा भार ३६ किलो आणि ५० मिमीला साडेबावीस किलो भरतो. १२ मिमीची पोलादी सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो वजनाची असते, म्हणजे १३ मीटर सळ्यांचे साडेअकरा किलो प्रत्येक वेळी वेगळे धरावे लागतील.

मोजपट्टी
तरफ यांच्या हिशेबात माणसाच्या ताकदीची भर घालतो. धडधाकट प्रौढ माणूस सलग बराच वेळ काम करताना साधारण ७५ वॉट देऊ शकतो. झडपा आणि घर्षण वजा जाता त्यातील ६० टक्के पाण्यापर्यंत पोहोचले असे धरले, तर १० मीटरवरून मिनिटाला २७ लिटर, २० मीटरवरून १४ लिटर आणि ३० मीटरवरून ९ लिटर पाणी निघेल. दांडा लांब केल्याने, चाक लावल्याने किंवा पायाने चालवल्याने हात कमी दुखेल, पण एवढ्याच ताकदीत पाणी जास्त येणार नाही. 'दुप्पट पाणी, निम्मे श्रम' असे सांगणाऱ्या आकृत्या सर्वत्र फिरत असतात, म्हणून हे लिहिले.

विहीरकाठ
सर्वांचे मनापासून आभार. वरच्या सिलिंडरचा विचार सोडून दिला आहे. परंतु तरफ यांचे आकडे वाचून काळजी वाटू लागली. ७५ मिमीला ५१ आणि साडेअकरा मिळून साडेबासष्ट किलो, त्याला सहाने भागले तरी हाताला दहा किलोहून अधिक भार येतो. घर्षण त्यात धरलेलेच नाही. मला ते जमेल, पण पंप माझ्यासाठी बसवायचा नाही.

ओंजळ
मग दांड्याचा नादच सोडावा, असे सुचवते. बांगलादेशात १९८० च्या दशकात 'तारा' नावाचा पंप तयार झाला. त्याला तरफ नसते. वर इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते, ती दोन्ही हातांनी वर उचलायची आणि खाली दाबायची. त्याची सळई म्हणजे पीव्हीसीची दोन्ही टोके बंद असलेली पोकळ नळी असते. ती पाण्यात तरंगते, त्यामुळे वर उचलताना हलकी लागते आणि खाली जाताना आपल्या जाडीइतके पाणी बाजूला सारते. परिणामी वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा तोटीतून पाणी येते. १५ मीटरपर्यंत तो चालतो. बेअरिंग, साखळी, खिळ असे वरचे भाग नसल्यामुळे मोडण्यासारखेही थोडेच असते.

तरफ
तारा पंपाची आखणी मलाही फार आवडते, पण या घरासाठी ती योग्य वाटत नाही. तेथे मुख्य भार उचलण्याच्या हालचालीवर येतो. दांडा खाली दाबताना माणूस शरीराचे वजन टाकू शकतो, उचलताना मात्र सारे काम खांद्यांवर आणि कंबरेवर येते. धागालेखकांच्या आईंचा खांदाच दुखरा आहे.

ओंजळ
हा मुद्दा माझ्या ध्यानातून सुटला होता. आपले म्हणणे पटले.

पाणकळा
दोरीचा पंप कुणीच सुचवला नाही, याचे आश्चर्य वाटले. वर एक चाक असते आणि त्यावरून दोरीचा अखंड फेर खाली पाण्यात जातो. दोरीवर मीटर-मीटरभर अंतराने रबराच्या किंवा प्लास्टिकच्या चकत्या ओवलेल्या असतात. वर येणारी दोरी एका उभ्या नळीतून जाते, चकत्या नळीत जेमतेम मावतात आणि आपल्यासोबत पाणी वर आणतात. निकाराग्वामध्ये हे पंप घरोघरी पोहोचले. कल्पना मात्र फार जुनी आहे. जर्मन विद्वान ॲग्रिकोला याच्या १५५६ साली छापलेल्या खाणकामावरील ग्रंथात साखळीवर चिंध्यांचे गोळे बांधून खाणीतील पाणी उपसणारी यंत्रे चितारलेली आहेत. आपल्या रहाटाशी तिचे नाते जवळचे आहे, फक्त रहाटात गाडगी असतात आणि येथे नळी असते.

२ मीटर व्यासाच्या विहिरीला हा पंप अगदी सोयीचा पडेल. नळी २५ मिमीची घेतली तर ११.५ मीटरला पाण्याचा भार साडेपाच किलोच्या आसपास राहतो. खाली एकही झडप नाही. दोरी झिजली तर गाठ मारता येते.

जुना फिटर
पाणकळा यांचे म्हणणे पटते, आणि घरात धडधाकट माणसे असतील तर मीही हाच पंप सुचवला असता. दोन अडचणी सांगतो. चाक फिरवताना हात वर्तुळात फिरतो आणि वरच्या भागात तो खांद्याच्या उंचीला येतो, म्हणजे दुखऱ्या खांद्याला पूर्ण फेरा करावा लागतो. शिवाय फिरवणे थांबले की पाण्याच्या भाराने चाक उलटे फिरते, त्यासाठी अडकवण लावावी लागते. ती न लावल्यामुळे मूठ उलटी फिरून एका बाईंच्या मनगटाला लागलेले मी स्वतः पाहिले आहे.

विहीरकाठ
चर्चेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती की आईला किती झेपते यावर सारे ठरणार आहे, आणि तेच मी मोजले नव्हते. काल ते मोजले. विहिरीच्या कप्पीवरून दोर घेतला, एका टोकाला बादली बांधली आणि दुसऱ्या टोकाला दीड फूट लांबीचा लाकडी दांडका आडवा बांधला. बादलीत लिटर मोजून पाणी भरले आणि आईला दांडका दोन्ही हातांनी खाली दाबायला सांगितले.

दहा किलोला तिने बाराव्या फेऱ्याला हात सोडला. आठ किलोला वीस-बावीस फेरे झाले आणि ती खांदा चोळू लागली. साडेसहा किलोला चाळीस फेरे करून ती मलाच विचारू लागली की अजून किती करायचे आहेत. मला ज्याची कल्पना नव्हती ती गोष्ट याहून वेगळी निघाली. दांडका खांद्यापेक्षा वर गेला की भार कमी असतानाही तिचा चेहरा वेदनेने आक्रसत होता. म्हणून दोर लांब करून दांडक्याची हालचाल जमिनीपासून ११५ सेंमी ते ५० सेंमी एवढ्याच टप्प्यात ठेवली. म्हणजे तिच्या हाताला ६५ सेंमीची चाल मिळते.

आता प्रश्न असा आहे की हाताला साडेसहा किलो आणि ६५ सेंमी, यातून पंप कसा काढावा?

तरफ
असा प्रयोग करून मग आकडे मागणारे धागालेखक मला प्रथमच भेटले. आता आखणी सोपी आहे, कारण ती हातापासून सुरू करता येईल.

दट्ट्या ५० मिमीचा घ्यावा. पाण्याचा भार साडेबावीस किलो. दांड्याचे प्रमाण एकास चार ठेवावे, म्हणजे हाताच्या ६५ सेंमीला दट्ट्याची चाल सुमारे १६० मिमी मिळेल. प्रत्येक फेऱ्याला ०.३१ लिटर पाणी येईल आणि १० लिटरची बादली ३२ फेऱ्यांत भरेल. मिनिटाला ३० फेरे या संथ गतीने हे काम एका मिनिटाहून थोड्या अधिक वेळात होते.

व्यास कमी करून चाल वाढवणे हे येथे सर्व बाजूंनी हिताचे आहे. पाणी निसटते ते वायसरच्या कडेने, आणि लहान व्यासाला कडही लहान असते. शिवाय झडप मिटेपर्यंत प्रत्येक फेऱ्यात थोडी चाल वाया जाते, ती लांब चालीत कमी जाणवते.

सळ्यांचे साडेअकरा किलो दांड्याच्या हाताकडील टोकाला वजन वाढवून तोलून घ्यावेत.

जुना फिटर
तरफ ताई, शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. सळ्या पूर्ण तोलू नयेत. दट्ट्या खाली जायला वजन लागते. वायसर सिलिंडरला घासत असतो आणि सळ्या पूर्ण तोलल्या तर दांडा वर उचलून दट्ट्या खाली ढकलावा लागेल, म्हणजे पुन्हा खांद्यावरच काम येईल. आठ किलो तोलावेत आणि साडेतीन तसेच सोडावेत. मग साडेबावीस आणि साडेतीन मिळून सव्वीस, भागिले चार, म्हणजे बरोबर साडेसहा किलो. घर्षणाचा थोडा भार त्यावर येईल, परंतु वर्षातील बहुतेक महिने पाणी १०.५ मीटरपेक्षा वर असल्यामुळे तो निभावून जाईल.

याच कारणासाठी दांडा आणि सळई यांच्यामध्ये साखळी वापरू नये. इंडिया मार्क टू या पंपात साखळी असते, आणि तो ६३.५ मिमीचा सिलिंडर व १२५ मिमीची चाल घेऊन खोल बोअरवर उत्तम चालतो, कारण तेथे लांब सळ्यांचे वजनच दट्ट्याला खाली नेते. उथळ पाण्यावर ते वजन पुरत नाही, साखळी ढिली पडते आणि दांडा हिसके मारतो. त्या पंपाची मुळे जालना आणि सोलापूर येथील पंपांत आहेत, म्हणून आपल्याकडे त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु चांगला पंप प्रत्येक विहिरीला चांगला असतोच असे नाही.

तरफ
हरकत मान्य. दुरुस्ती योग्य आहे.

रानवारा
वायसरचा प्रश्न मागे पडला आहे. आमच्याकडे चामड्याचे होते आणि माझा त्यांच्यावर लोभ आहे. बसवण्यापूर्वी ते रात्रभर भिजवावे लागतात, नाहीतर ताठ राहून पाणी सोडतात.

जुना फिटर
चामडे कायम पाण्यात राहणार असेल तर चांगले चालते. सुकले की आकसते, आणि एका गठ्ठ्यातील दोन वायसर सारखे नसतात. नायट्राइल रबराचे वाटीसारखे वायसर घ्यावेत, त्यांचे माप नेमके असते. वाटीचे तोंड वरच्या बाजूला हवे. पाण्याचा भार वाटीत बसला की कडा आपोआप सिलिंडरला चिकटतात. उलटा बसवलेला वायसर पाणी उचलत नाही आणि माणूस दिवसभर झडप तपासत बसतो.

वायसरपेक्षा सिलिंडरच्या आतील पृष्ठभागाकडे अधिक लक्ष द्यावे. एकदा मी एक नुसता पीव्हीसी सिलिंडर उघडला होता. वायसरच्या काठात बाजरीच्या दाण्याहून लहान वाळूचा खडा रुतून बसला होता आणि सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत नखाला लागेल अशी एकच सरळ चर पडली होती. वायसर नवा घातला तरी त्या चरेतून पाणी परतच जात राहिले. म्हणून आत पितळी अस्तर हवे, आणि खाली बारीक छिद्रांची गाळणी हवीच.

मोजपट्टी
एक महत्त्वाची गोष्ट अजून कुणी मांडली नाही. वायसर बदलायचा झाला तर १२ मीटर पाइप, त्यातील पाण्यासह, वर कोण काढणार?

आफ्रिकेत, मलावीमधील कामातून पुढे आलेल्या आफ्रिदेव पंपाने याचे सुंदर उत्तर दिले आहे. त्यात सिलिंडर ५० मिमीचा असतो आणि वर येणारा यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी) पाइप बाहेरून ६३ मिमीचा, म्हणजे आतून सिलिंडरपेक्षा किंचित मोठा. त्यामुळे सळ्या वर ओढल्या की दट्ट्या पाइपमधूनच बाहेर येतो आणि पाइप जागेवर राहतो. तळाची झडपही सळईच्या टोकाने पकडून त्याच वाटेने वर काढता येते. तरफ यांनी सुचवलेला ५० मिमीचा व्यास येथे तंतोतंत बसतो.

प्लास्टिकचा पाइप भाराने ताणला जाऊन चाल वाया जाईल, अशी शंका कुणी घेईल. साडेबावीस किलोला १२ मीटरचा असा पाइप सुमारे एक मिलिमीटर लांबतो. १६० मिमीच्या चालीपुढे हे नगण्य आहे. मात्र तुमची विहीर रुंद असल्यामुळे पाइप झुलेल. दर तीन मीटरवर विहिरीच्या भिंतीला पट्ट्यांनी तो धरावा आणि पट्टीखाली रबर घालावे.

पाणकळा
पाइप जोडताना सोलव्हंट सिमेंट (पीव्हीसी चिकटवणारा द्रव) मुख्यतः आत जाणाऱ्या टोकाला लावावे. बाहेरच्या तोंडात आतून जास्त लावले की पाइप सरकताना ते पुढे ढकलले जाते आणि आतल्या बाजूला त्याची कडक वळी तयार होते. बाहेरून ती दिसत नाही, आणि दट्ट्या पहिल्यांदा वर काढताना वायसर नेमका तेथे फाटतो. आमच्या पाइपाला दोन सांधे असे निघाले.

ओंजळ
विहिरीत उतरण्याबद्दल कळकळीने लिहिते. पट्ट्या ठोकायला कुणीतरी आत जाणार आहे. एकट्याने कधीही उतरू नये. अंगाला दोर बांधलेला असावा आणि तो धरायला वर दोन माणसे असावीत. दिवा न विझता राहिला म्हणजे हवा चांगली, हा समज धोक्याचा आहे, कारण विषारी वायू असतानाही दिवा जळत राहू शकतो. इंजिनाचा पंप विहिरीत उतरवून पाणी उपसू नये, त्याचा धूर आतच साचतो. एखादा माणूस आत कोसळला तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये. एकामागून एक माणसे अशीच जातात.

रानवारा
ओंजळ यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. याशिवाय विहिरीचे तोंड झाकावे आणि तोटीखालच्या ओट्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा. सांडलेले पाणी पुन्हा विहिरीत झिरपले, तर पंपाचा निम्मा फायदा गेला.

विहीरकाठ
दीड महिन्यानंतर लिहितो आहे. पंप बसला.

रचना अशी झाली: ५० मिमीचा पितळी अस्तराचा सिलिंडर १२.५ मीटरवर, ६३ मिमीचा यूपीव्हीसी पाइप, १२ मिमीच्या स्टेनलेस सळ्या, एकास चारचा दांडा आणि साखळीऐवजी सरळ दुवा. दांड्याच्या टोकाला लोखंडी तुकडे एकेक वाढवत गेलो. दांडा वर सोडल्यावर दट्ट्या न रेंगाळता खाली बसत होता तोवरच वाढवले, तो रेंगाळू लागण्याआधी थांबलो. भिंतीच्या पट्ट्यांसाठी दोन अनुभवी माणसे बोलावली आणि ओंजळ यांनी लिहिलेले सारे पाळले. सांध्यांतून हात जाईना, म्हणून काठीला कापड गुंडाळून प्रत्येक सांधा आतून तपासला. एकात वळी सापडली, तो सांधा कापून पुन्हा केला.

सध्या पाणी ७ मीटरवर आहे, त्यामुळे पंप हलका चालतो. १० लिटरची बादली ३३ फेऱ्यांत भरते. काल दुपारी वीज गेली तेव्हा मी घरी नव्हतो. संध्याकाळी आलो तर दोन्ही पिंप भरलेले होते आणि आईने तुळशीलाही पाणी घातले होते.

तरफ
हिशेबाने ३२ आणि प्रत्यक्षात ३३. वायसर छान बसला आहे. आईंना माझा नमस्कार सांगावा.

जुना फिटर
आनंद झाला. एक सवय लावून घ्या. रात्रभर पंप बंद राहिला की सकाळी कितव्या फेऱ्याला पाणी येते ते मोजा. त्यावरून तळाची झडप किती गळते ते कळते.

विहीरकाठ
आज सकाळी मोजले. चार फेरे कोरडे गेले आणि पाचव्याला पाणी आले.

जुना फिटर
चार फेरे म्हणजे सव्वा लिटर, पाइपमधील पातळी रात्रभरात सुमारे ५७ सेंमी उतरली. एवढे चालते. हा आकडा वाढत वाढत वीसवर गेला, तर झडप वर काढा आणि तिच्या बैठकीवर वाळूचा कण बसला आहे का ते पाहा. त्याआधी पंप उघडू नका.

विहीरकाठ
पंपाच्या झाकणाच्या आतील बाजूला आजची तारीख आणि 'कोरडे फेरे: ४' असे रंगाने लिहून ठेवले आहे. खाली पुढच्या नोंदींसाठी जागा सोडली आहे.